काचेला आतून फुटणारा घाम : धूसर स्पीडोमीटरचा पावणेतीनशे वर्षांचा इतिहास

१/
आषाढातली एखादी सकाळ आठवा. रात्रभर अंगणात उभी असलेली मोटारसायकल बाहेर काढावी, किल्ली फिरवावी आणि पाहावे तर स्पीडोमीटरच्या काचेवर दाट धुके. रुमालाने काच पुसली तरी ते हलत नाही. कारण ते काचेच्या बाहेर नसून आत आहे. काटा जागेवर आहे, आकडेही जागेवर आहेत, पण दिसत काहीच नाही. आजचा धागा या धुक्याविषयी.

२/
विषय क्षुल्लक वाटेल. परंतु याच धुक्याने दीपगृहांचा उजेड अडवला, दुसऱ्या महायुद्धात दुर्बिणी आंधळ्या केल्या आणि एका अंतराळवीराला अंतराळात चाचपडायला लावले. त्याच्याशी झुंजताना माणसाने वेगवेगळ्या काळांत वेगवेगळी उत्तरे शोधली. ती जवळजवळ सारी उत्तरे आज आपल्या हँडलवरच्या त्या छोट्या डब्याला लागू पडतात. म्हणून ही कथा आरंभापासून पाहू.

३/
आरंभ होतो १७५१ साली, फ्रान्समधील माँपेलिए येथे. शार्ल ल रॉय नावाच्या वैद्याने काचेच्या भांड्यात दमट हवा भरली आणि भांडे पक्के बंद केले. हवा थंड होऊ लागली तसे भांड्याच्या आतल्या बाजूस दव जमले. ऊब मिळताच ते नाहीसे झाले. बाहेरून पाण्याचा थेंबही आत गेला नव्हता. म्हणजे पाणी आधीपासूनच आत होते, फक्त दिसत नव्हते.

४/
ल रॉयने यातून एक मोलाची गोष्ट ताडली. दिलेल्या हवेला एक ठरावीक तापमान असते. त्याखाली ती उतरली की पाणी बाहेर टाकते. यालाच आज आपण दवबिंदू म्हणतो. पाणी हवेत ‘विरघळते’ ही त्याची कल्पना पुढे टिकली नाही. जॉन डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वाफेचा दाब हवेपासून स्वतंत्र असतो हे दाखवून दिले. पण ल रॉयचे भांडे मात्र अजरामर ठरले. आपला धूसर स्पीडोमीटर म्हणजे तेच भांडे होय.

५/
आता थोडे गणित करू. ३० अंश सेल्सियस तापमानाची, वाफेने भरलेली एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम पाणी सांभाळते. तीच हवा २० अंशांवर आली तर जेमतेम १७ ग्रॅम सांभाळू शकते. उरलेले पाणी कुठेतरी बसणारच. मोटारसायकलच्या मोठ्या डायलमध्ये साधारण ३०० मिलिलिटर हवा मावते असे धरले, तर हे उरलेले पाणी भरते अवघे ४ मिलिग्रॅम.

६/
४ मिलिग्रॅम म्हणजे किती? पाण्याचा एक साधा थेंब सुमारे ५० मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे थेंबाचा बारावा हिस्सा. परंतु एवढेसे पाणी अतिसूक्ष्म बिंदूंच्या रूपाने काचेवर पसरले की प्रकाश चहूकडे विखुरतो आणि काच पांढुरकी होते. ‘आत पाणी गेले’ असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा पाणी गेलेलेच नसते, केवळ पावसाळी हवा गेलेली असते.

७/
मग हे धुके नेमके काचेवरच का धरते, खालच्या तबकडीवर का नाही? याचे उत्तर १८१४ साली मिळाले. विल्यम चार्ल्स वेल्स हा अमेरिकेतील चार्ल्स्टन येथे जन्मलेला, लंडनमध्ये व्यवसाय करणारा वैद्य. रात्रीच्या वेळी उघड्यावर लोकरीचे लहान लहान पुंजके ठेवायचे आणि त्यांवर किती दव बसले ते वजन करून पाहायचे, असे प्रयोग त्याने चिकाटीने केले. त्यातून त्याचा दवावरील निबंध सिद्ध झाला.

८/
दव आकाशातून पडते की जमिनीतून वर येते, हा तोवरचा जुना वाद. वेल्सने दाखवले की दोन्ही मते अपुरी आहेत. निरभ्र रात्री पदार्थ आपली उष्णता आकाशाकडे फेकतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. दव अशा थंड झालेल्या पृष्ठभागावर जमते. डोक्यावर साधे आच्छादन असले तरी दव कमी पडते, कारण आच्छादन आकाश झाकते. या कार्याबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीने वेल्सला रम्फर्ड पदक दिले.

९/
या निबंधात हिंदुस्थानही आहे, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक नसेल. अलाहाबादेत उथळ मातीच्या भांड्यांत पाणी भरून, ती रात्री उघड्यावर ठेवून बर्फ कसे तयार करतात याचे वर्णन सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली प्रसिद्ध केले होते. भोवतालची हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही पाणी गोठत असे. वेल्सने याचेही उत्तर तेच दिले : पाण्याची उष्णता मोकळ्या आकाशाकडे निघून जाते. आपल्या मातीतले कारागीर हा नियम हाताने जाणत होते. विज्ञानाने त्याचे कारण नंतर सांगितले.

१०/
आता आपल्या मोटारसायकलीकडे पाहा. उघड्यावर उभ्या गाडीत आकाशाकडे तोंड करून बसलेला भाग कोणता? डायलची काच. रात्री तीच सर्वांत आधी थंड होते, म्हणून धुके तिच्यावर धरते. छपराखाली किंवा दाट झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीची काच तुलनेने स्वच्छ राहते, त्याचे कारण वेल्सने दोनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

११/
शत्रू ओळखीचा झाला की त्याला कामालाही लावता येते. १८२० साली इंग्लंडमध्ये जॉन फ्रेडरिक डॅनियल याने दवबिंदू मोजणारे आर्द्रतामापक घडवले. वाकड्या नळीने जोडलेले दोन काचगोल, आत ईथर. एका गोलावरच्या मलमलीवर ईथर ओतले की दुसरा, काळा गोल थंड होत जाई. त्यावर दवाची पहिली झाक उमटली की आतल्या तापमापकाचा आकडा टिपायचा. काच धूसर होणे हा येथे दोष नव्हता. तेच मोजमाप होते.

१२/
मात्र ज्यांना काचेतून पाहायचे होते, त्यांच्यासाठी तो दोषच राहिला. आणि समुद्रावर तो जिवावर बेतणारा होता. दीपगृहात तेलाचे दिवे जळत. तेल जळताना त्यातील हायड्रोजनचे पाणी होते. जितके तेल जळते, साधारण तितक्याच वजनाचे पाणी वाफ होऊन बाहेर पडते. ही वाफ दीपकक्षाच्या थंड तावदानांवर आतून जमे. कडाक्याच्या हिवाळ्यात ती गोठे आणि उजेड समुद्रापर्यंत पोहोचेनासा होई. खलाशाला दीपगृह न दिसणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

१३/
इंग्लंडची दीपगृहे सांभाळणाऱ्या ट्रिनिटी हाउस या संस्थेचा वैज्ञानिक सल्लागार १८३६ पासून एक थोर पुरुष होता : मायकेल फॅरडे. विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधणारा हा माणूस तावदानांवरचे पाणी पाहायला दीपगृहांचे जिने चढत असे. त्याचे उत्तर सरळ होते. ज्योतीवर नळी बसवून वाफ व धूर कक्षात मिसळण्यापूर्वीच बाहेर काढून द्यावा. वाफ आत राहिलीच नाही तर काचेवर बसणार काय?

१४/
दिव्याच्या वायुवीजनाच्या या योजनेचे पेटंट १८४३ मध्ये घेतले गेले, पण फॅरडेच्या नावे नाही. त्याने तो हक्क आपला भाऊ रॉबर्ट याच्या हवाली केला. आपल्या कथेत हे पहिले मोठे उत्तर म्हणून लक्षात ठेवू : काचेआडच्या जागेला श्वास घेऊ द्या. याच्या नेमके उलट असलेले दुसरे उत्तर मनगटावरच्या घड्याळातून आले.

१५/
पहिल्या महायुद्धानंतर मनगटी घड्याळे सर्वत्र रूढ झाली. घाम, पाऊस आणि धूळ ही त्यांची तीन दुखणी. १९२६ साली हान्स विल्सडॉर्फच्या रोलेक्स कंपनीने ‘ऑयस्टर’ नावाचे घड्याळ आणले. त्याची मागची बाजू, काचेची कडा आणि किल्ली द्यायची फिरकी, तिन्ही आट्यांनी आवळून बसवलेल्या. नावाप्रमाणेच हे शिंपल्यासारखे मिटलेले घड्याळ होते.

१६/
१९२७ च्या ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लायट्झ ही लंडनमधील टंकलेखिका इंग्लिश खाडी पोहून गेली. तेवढ्यात दुसऱ्या एका बाईने खोटाच विक्रम सांगितल्याचे उघड झाले आणि ग्लायट्झवरही संशय घेतला गेला. तिने २१ ऑक्टोबरला पुन्हा पाण्यात उडी घेतली. या वेळी तिच्या गळ्यात ऑयस्टर घड्याळ होते. दहा तासांहून अधिक काळ ती बर्फगार पाण्यात झुंजली. खाडी पार झाली नाही, पण घड्याळ चालू राहिले. विल्सडॉर्फने लगोलग वर्तमानपत्राचे पहिले पान जाहिरातीने भरले.

१७/
दुसरे उत्तर सिद्ध झाले : काचेआडची जागा पक्की बंद करा. पण ल रॉयचे भांडे विसरू नका. पक्के बंद केलेल्या डब्यात जी हवा कोंडली गेली ती दमट असेल, तर पहिल्याच थंडीत आतून दव जमणार. म्हणजे बंद करणे हे अर्धे उत्तर झाले. बंद करताना आत काय कोंडतो, हा त्याचा दुसरा अर्धा भाग.

१८/
आता आपल्या मुख्य पात्राला रंगमंचावर आणू. ७ ऑक्टोबर १९०२ रोजी स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्त्स याने बर्लिनच्या पेटंट कार्यालयात एका वेगमापकाची नोंद केली. चाकाबरोबर फिरणारी लवचीक केबल, केबलच्या टोकाला चुंबक, चुंबकाभोवती धातूची वाटी, वाटीला काटा आणि केसासारखी बारीक स्प्रिंग. चुंबक फिरला की वाटीत भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि वाटी ओढली जाते. स्प्रिंग तिला अडवते. त्या ओढाताणीत काटा जिथे ठरतो, तोच वेग. हे तत्त्व पुढे शतकभर जगभरच्या गाड्यांत चालले.

१९/
ब्रिटिश मोटारसायकलींवर मात्र दीर्घकाळ स्मिथ्स कंपनीच्या ‘क्रोनोमेट्रिक’ यंत्राचे राज्य होते. त्यात घड्याळासारखी दातेरी चक्रे असत. ते क्षणाक्षणाला वेग मोजून काटा पुढे सरकवी, म्हणून त्याचा काटा टप्प्याटप्प्याने उडी घेतो. साठच्या दशकात त्याची जागा चुंबकी यंत्राने घेतली. दोघांच्या घडणीत कितीही भेद असला तरी एक गोष्ट समान होती : दोघांच्याही बुडाला केबलसाठी भोक होते.

२०/
या भोकाचा अर्थ नीट समजून घ्यावा. घड्याळाची शक्ती त्याच्या पोटात असते, म्हणून ते शिंपल्यासारखे मिटू शकते. स्पीडोमीटरची शक्ती चाकातून येते. त्याला बाहेरच्या जगाशी नाते तोडता येत नाही. शिवाय दिव्याचे होल्डर, ट्रिपचा आकडा शून्यावर आणणारी दांडी, काचेभोवतीची दाबून वळवलेली कडी : प्रत्येक सांधा ही एक फट. त्यात इंजिनाचा थरकाप. रबर कडक झाले की फट रुंदावलीच.

२१/
आणि हा डबा श्वास घेतो. २५ अंशांवरचा डायल उन्हात ५५ अंशांपर्यंत तापला की आतली हवा दहा टक्क्यांनी फुगते. ३०० मिलिलिटरपैकी सुमारे ३० मिलिलिटर हवा बाहेर जाते. थंड होताच तेवढीच आत ओढली जाते. अशा वेळी घाटात अचानक सर कोसळली तर? तापलेला डायल क्षणात थंड होतो आणि श्वास आत ओढतो. फटीच्या तोंडाशी हवा असेल तर हवा जाईल. पावसाचे पाणी साचले असेल तर पाणीच जाईल.

२२/
मग फटी बुजवून टाकाव्यात का? तेही गणित पाहू. डबा पूर्ण बंद असेल, तर त्याच ३० अंशांच्या फरकाने आतला दाब एक दशांशाने वाढतो. आठ सेंटिमीटर व्यासाच्या काचेवर हा ताण जवळपास पाच किलोच्या वजनाइतका भरतो. दिवसा बाहेरच्या दिशेने, रात्री आतल्या दिशेने, रोज. कितीही चांगले गास्केट असो, कधीतरी एक केसभर वाट उघडतेच. आणि अरुंद वाटेने शिरलेले पाणी सहजासहजी बाहेर पडत नाही.

२३/
दुसऱ्या महायुद्धाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. युरोपच्या हवामानासाठी घडवलेली यंत्रे ब्रह्मदेशच्या आणि न्यू गिनीच्या जंगलांत पोहोचली. बीएसएच्या एम-२० जातीच्या सुमारे सव्वा लाख मोटारसायकली या युद्धासाठी बनल्या. वाहने, रेडिओ, दुर्बिणी, सारे काही उष्ण दमट प्रदेशात गेले. तेथे दुर्बिणींच्या भिंगांवर आतून आधी धुके धरले आणि मागोमाग बुरशी. बुरशीच्या स्रावाने काच कायमची कोरली जाते. निशाणच दिसले नाही तर तोफ काय कामाची? मेलबर्न विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांना युद्धकार्य म्हणून भिंगांवरच्या बुरशीचा अभ्यास करावा लागला.

२४/
या काळात तिसरे उत्तर पुढे आले : आतली ओल शोषून घ्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वॉल्टर पॅट्रिक याला १९१९ साली सिलिका जेल बनवण्याच्या रीतीचे पेटंट मिळाले होते. पहिल्या महायुद्धातील वायूमुखवट्यांच्या संशोधनातून हे काम पुढे आले. दिसायला वाळूचे खडे, पण एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांचा एकूण पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर. दुसऱ्या महायुद्धात उपकरणे व औषधे कोरडी ठेवण्यासाठी ते भरपूर वापरले गेले. नव्या बुटांच्या खोक्यातली ‘खाऊ नये’ असे लिहिलेली पुडी म्हणजे त्याच पॅट्रिकचा वारसा.

२५/
चौथे उत्तर : दमट हवा काढून कोरडा वायू भरा. अमेरिकेत १९४७ साली ल्युपोल्ड कंपनीने नायट्रोजन भरलेली, धुके न धरणारी बंदुकीची दुर्बीण बाजारात आणली. पुढे चांगल्या दुर्बिणींत ही रीत सर्वमान्य झाली. येथे एक गैरसमज दूर करावा. नायट्रोजनमध्ये धुके घालवण्याची कोणतीही जादू नाही. तो सिलिंडरमधून अत्यंत कोरडा येतो, एवढेच त्याचे पुण्य. तितकी कोरडी साधी हवाही धुके रोखते.

२६/
पाचवे उत्तर शिकवणारा दिवस होता ५ जून १९६६. जेमिनी-९ए यानातून युजीन सर्नन अंतराळात बाहेर पडला. इतिहासातला तो तिसरा अंतराळचालक. पकडायला आधार नाही, प्रत्येक हालचालीला प्रचंड श्रम. पोशाखातील वायूची शीतनव्यवस्था त्याच्या घामापुढे हरली आणि शिरस्त्राणाची काच आतून धुक्याने भरली. नाकाने घासून त्याने काचेवर पाहण्यापुरती जागा केली. दोन तासांहून अधिक काळ तो बाहेर होता. नियोजित चाचणी सोडून देऊन, जवळजवळ आंधळ्या अवस्थेत तो आत परतला.

२७/
पुढच्या मोहिमांत काचेला धुकेरोधक द्रावण लावले जाऊ लागले. हे द्रावण पाणी अडवत नाही. ते पाण्याला थेंब होऊ देत नाही. पाणी सपाट पापुद्र्यासारखे पसरते आणि त्यातून आरपार दिसते. हेल्मेटच्या काचेवर आपण जो फवारा मारतो त्यामागे हेच तत्त्व आहे. अपोलो मोहिमांत तर मूळ कारणावरच घाव घातला गेला : अंगालगतच्या नळ्यांतून थंड पाणी फिरवून घामच कमी केला.

२८/
सहावे उत्तर सर्वांत देखणे. १९६९ साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात रॉबर्ट गोर हा संशोधक टेफ्लॉनच्या तापलेल्या कांड्या सावकाश ताणून पाहत होता. त्या तुटत होत्या. वैतागून त्याने एक कांडी झटक्यात ओढली आणि ती कित्येक पट लांबली. त्या ताणलेल्या पदार्थात असंख्य सूक्ष्म छिद्रे होती : वाफेच्या रेणूसाठी प्रशस्त, पाण्याच्या थेंबासाठी फार अरुंद. फॅरडेचा श्वास आणि विल्सडॉर्फची बंदिस्ती एकाच पडद्यात नांदू लागली. अनेक आधुनिक गाड्यांच्या दिव्यांना व विद्युतपेट्यांना असे पडदे बसवलेले असतात.

२९/
आता आपल्याकडे येऊ. १९५५ साली मद्रासमध्ये एनफील्ड इंडियाची स्थापना झाली. साठच्या दशकाच्या आरंभी म्हैसूरला जावा बनू लागली. बुलेटचा स्पीडोमीटर हेडलाइटच्या वरच्या कवचातच बसवलेला असे. म्हणजे खालून दिव्याची ऊब, वरून सह्याद्रीचा पाऊस. इंग्लंडच्या रिमझिमीसाठी आखलेली ही रचना कोकणातल्या चार महिन्यांच्या धारेला तोंड देत राहिली. जुन्या गाड्यांच्या डायलवर जे तांबूस ओघळ दिसतात, ते त्या पावसाळ्यांची नोंद आहेत.

३०/
इथे इतिहासप्रेमींसाठी खरी कळीची गोष्ट आहे. जुन्या गाडीचा डायल हा एक दस्तऐवज आहे. त्यावरची अक्षरे, मैलाचे आकडे, किती अंतर धावली त्याची चक्रे, हे सारे त्या गाडीचे चरित्र. ओल राहिली तर रंग पोपडे धरतो, काट्याची धुरी गंजते, स्प्रिंग बिघडते. पण घाईने केलेली ‘दुरुस्ती’ त्याहून घातक ठरते. वळवलेली कडी पकडीने उचकटली, डायल नव्याने रंगवला, आकडे शून्यावर आणले, की तो दस्तऐवज कायमचा पुसला गेला.

३१/
म्हणून उपाय इतिहासाच्या क्रमाने करावा. प्रथम वेल्स : गाडी आकाशाखाली नव्हे, छपराखाली उभी करा. मग फॅरडे : डायलच्या बुडाशी हवेसाठी बारीक छिद्र ठेवलेले असेल तर त्यातला चिखल सुईने अलगद काढा, ते बुजवू नका. वरून पाणी शिरण्याच्या वाटा, म्हणजे केबलचे रबर, दिव्याच्या होल्डरची टोपी, दांडीचा वायसर, तेवढ्या नव्या करा. वर बंद, खाली मोकळे. सगळीकडे सिलिकॉनचा लेप फासणे म्हणजे आषाढ आत कोंडून घेणे.

३२/
धुके धरलेच तर डायल काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत काही दिवस ठेवा. हा पॅट्रिकचा मार्ग. मंद आहे, पण निर्धोक आहे. तांदळाच्या डब्यात ठेवण्याची रीत लोकप्रिय असली तरी तांदूळ फारच थोडी ओल शोषतो आणि वर पीठ सोडतो. केस वाळवण्याच्या यंत्राची तीव्र झळ प्लास्टिकची काच वाकवते, छपाई उठवते; शिवाय डबा तापवून लगेच थंड केला की तो पुन्हा भोवतालची दमट हवाच ओढून घेतो. उष्णतेने धुके दिसेनासे होते. पाणी बाहेर जाईलच असे नाही.

३३/
डायल उघडणे अटळच असेल तर पंचांग पाहा. पावसाळ्यात घनमीटरभर हवेत सुमारे २३ ग्रॅम वाफ असते; देशावरच्या पौष-माघातल्या कोरड्या दुपारी ती ८ ग्रॅमच्या आसपास उतरते. त्या दुपारी मिटवलेल्या डायलमध्ये पावसाळी हवेच्या तिसऱ्या हिश्शाएवढेच पाणी कोंडले जाते. नायट्रोजनचा सिलिंडर नसला तरी माघ महिना सर्वांना उपलब्ध आहे.

३४/
नव्या गाड्यांत केबल गेली, काटा गेला, चुंबकाच्या जागी विद्युतसंवेदक आला. तरी धुके गेले नाही. एक तर प्लास्टिकच्या काचेतून वाफ अतिशय मंद गतीने का होईना, झिरपतच असते. दुसरे, जुना पिवळा बल्ब डायलला ऊब देई आणि धुके वाळवून टाकी. एलईडी ती ऊब देत नाही. प्रगतीने एक फट बुजवली आणि नकळत एक चूल विझवली. त्यामुळे नव्या गाडीच्या डायलवर पहाटे आलेली पुसट वाफ तासाभरात गेली तर घाबरू नये. थेंब ओघळू लागले तर मात्र कुठेतरी वाट उघडली आहे.

३५/
पावणेतीनशे वर्षांत माणसाने या धुक्याला श्वास दिला, कोंडले, शोषले, हुसकावले, पसरवले आणि शेवटी गाळले. निसर्गाचा नियम मात्र ल रॉयच्या भांड्यातलाच राहिला : काच दवबिंदूखाली उतरली की हवा आपले पाणी परत देते. पुढच्या पावसाळ्यात डायलच्या काचेला घाम फुटलेला दिसला तर रुमाल खिशातच ठेवा. क्षणभर थांबा, गाडी छपराखाली घ्या आणि बुडाचे ते बारीक छिद्र मोकळे आहे ना, एवढे पाहा.

आपल्या घरी जुन्या गाडीचा मूळ डायल असेल, तर उघडण्यापूर्वी त्याचे एक छायाचित्र अवश्य काढून ठेवा. धागा येथे पूर्ण होतो.